जुनी पिवळी रेघ

विमानाला आपल्या आपण मागे येता येत नाही.
हे उतारूंना ठाऊक नसतं.
ढगांवरून ताशी आठशेनं जाणारं ते धूड
जमिनीवर पाऊलभर मागे सरायचं झालं
की माझ्यासारख्याची वाट बघत उभं राहतं.
सिल्व्हेरिओ तोश्त, टगवाला, तेर्सेरा बेट,
बावीस वर्षं नोकरी, डावा गुडघा कामातून गेलेला.

त्या पहाटेचं टोरांटोहून आलं.
साडेपाच तास निमूट उडालं,
एवढ्या समुद्रात आमचं टिकलीएवढं बेट
आणि बेटावरच्या धुक्यात धावपट्टी,
दोन्ही बिनचूक हुडकली.
टेकलं असं की कपातली कॉफी हलू नये.
आणि शेवटच्या सहाशे मीटरांत,
सायकलच्या वेगानं जाताना
चुकलं.

टॉवरनं सांगितलं होतं, एकोवरून उजवीकडे.
ते डावीकडे, डेल्टावर वळलं.
डेल्टा म्हणजे आमची बोळ,
बेटाबेटांतली चिमुकली पंखेवाली तेवढी जातात तिथून.
पुढचं चाक डांबर सोडून गवतात गेलं.
पडलो तरी नाक वर, एवढं म्हणायचीही सोय उरली नाही,
नाकच आधी रुतलं.

पंखाच्या टोकापासून हातभरावर काळ्या दगडांचा बांध,
बांधापलीकडे मेनेझिशच्या गाई.
त्यांनी एकदा वर पाहिलं
आणि पुन्हा चरायला लागल्या.
खिडकीशी बसलेल्या दोना इदालिनानं,
एकतीस वर्षांनी घरी येत होती ती,
काचेला कपाळ लावून विचारलं म्हणे,
"थेट आमच्या कुरणातच उतरवलंत का हो?"
आधी कुणी हसलं नाही.
मग बराच वेळ सगळे हसत होते.

शिडी लागली, माणसं उतरली, पेट्या उतरल्या.
शेवटी कॅप्टन. रेजाँ प्रुडॉम, पन्नाशीचा,
टोपी हातात, जणू कुणाच्या घरी समाचाराला आलाय.
चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"मी रेघेवरच होतो."
वर्गात उभं केलेलं पोर म्हणतं तसं.
फागुंदिशसाहेबांनी वही उघडली होती.
खापर तयार होतं,
डोकंही समोर आलं होतं आपल्या पायांनी.

मी दांडा अडकवायला वाकलो
आणि टगच्या दिव्यात ती दिसली.
ओल्या डांबरावर चकचकीत,
नव्या पिवळ्या रेघेपेक्षा ठसठशीत,
छान वळसा घेऊन डेल्टावर जाणारी.
तीच. नोव्हेंबरात बंद केलेली.
खरवडून काढ, म्हणाले होते. यंत्र बिघडलेलं.
मग काळ्या रंगाचा डबा आणला, एक हात मारला,
दुसरा सणानंतर मारू म्हटलं,
सण झाला, थोरल्या मुलीचं बाळंतपण झालं,
डबा शेडमध्ये वाळून दगड झाला.
दिवसाउजेडी काही दिसत नाही तिथं.
मी रोज त्यावरून गेलोय.

विमान मागे घ्यायला अकरा मिनिटं लागली.
प्रुडॉम चाकाबरोबर चालत होता,
आजाऱ्याच्या खाटेबरोबर चालतात तसा.
गवतात दोन चऱ्या राहिल्या,
त्यात लगेच पाणी साचलं.

वहीत तोवर अर्धं पान भरलं होतं.
मी इंजिन बंद केलं. गुडघा धरून खाली उतरलो.
"साहेब, तिथं एकच हात रंग आहे," मी म्हटलं.
फागुंदिशनी मान वर केली नाही.
"कुणाचा हात?"

धुकं होतं तसंच होतं. एक गाय हंबरली.
मी हातमोजा काढला.